आधी पाचटाचा भाव ठरवा, मग चिमणी उभारा

सोलापूर जिल्ह्यात शेतातल्या काडीकचऱ्यापासून वीज व्हावी, या मागणीच्या बाजूनं मी आहे. पण ही मागणी ज्या क्रमानं मांडली जाते तो क्रम मला मान्य नाही. आधी मेगावॅटचा आकडा येतो, मग जागा, मग अनुदान, मग भूमिपूजन. जळण कोण गोळा करणार, कुठे साठवणार, शेतकऱ्याला त्याचे किती पैसे मिळणार आणि किती दिवसांत मिळणार, हे प्रश्न सगळ्यात शेवटी येतात. माल शेतात पडलेलाच आहे, उचलायचा आणि जाळायचा, असं गृहीत धरलेलं असतं. बॉयलर आणि टर्बाइन हे जुनं, माहितीतलं तंत्र आहे. घोडं अडतं ते जळणापाशी.

पाचटापासून, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यापासून, सुरुवात करू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळशिरस, माढा, पंढरपूर भागात अंधार पडल्यावर फिरलं, की तोडणी झालेल्या फडांत आगीच्या ओळी दिसतात. टोळी कोयते घेऊन पुढच्या गावाला गेलेली असते, हिरवे वाढे जनावरांसाठी उचललेले असतात आणि मागे पोटरीभर पाचट उरतं. शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेतो, शेजारच्या उभ्या उसाकडची सरी ओली करून घेतो आणि काडी लावतो. बघता बघता एकर मोकळा होतो. सकाळी काळ्या सऱ्या, पांढुरकी राख आणि मधूनमधून करपलेली बुडखी. दोन दिवसांत खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सुटतं. या शेतकऱ्याला कुणी अडाणी म्हणू नये. पाचटातून पाणी पुढे सरकत नाही, उंदीर माजतात, बुडखे छाटायला आणि खत पेरायला अडचण होते आणि या कामाला मजूर मिळत नाहीत. त्याच्या हिशोबात काडीपेटी हाच सगळ्यात स्वस्त मजूर आहे.

जळतं काय, ते मात्र मोजलं पाहिजे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, पालाश (पोटॅश) पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. म्हणजे एका हेक्टरमागे ४०-५० किलो नत्र आणि तीन टनांच्या आसपास कर्ब एका संध्याकाळी धुरावाटे निघून जातो. कृषी विभागाची शिफारस सोपी आहे: पाचट सरीत दाबा, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, पाणी द्या. ज्यांनी हे नेटानं केलं त्यांच्या रानात ओल टिकते, तण कमी होतं आणि दोन-तीन वर्षांत जमिनीचा पोत हाताला जाणवतो. तरीही फड पेटतात, याचं एक कारण उघड आहे. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तोवर नत्राच्या नुकसानीचा हिशोब कुणाला पटणार नाही. कर्बाची गोणी मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही, आणि आपल्या हलक्या-मध्यम रानांना कमी पडतो तो कर्बच.

यावर लगेच विचारलं जातं, की जे शेतात जळणारच आहे ते बॉयलरमध्ये का जळू नये? प्रश्न रास्त आहे. पण पाचटाला एकदा भाव फुटला, की पेटवणारा जसा विकेल तसा कुजवणाराही विकायला लागेल. हातात चार पैसे पडत असतील तर दोष त्याचा नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या रानात खोडवा राखायचा आहे तिथलं पाचट वीज प्रकल्पानं घेऊ नये. खोडवा मोडून रान नांगरायचं आहे, पीक बदलायचं आहे, तिथलं निम्मं उचलायला हरकत नाही. ही अट कागदावर नको, खरेदीच्या पद्धतीतच हवी: सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि पीक बघून किती टन घ्यायचं त्याची मर्यादा ठरलेली असावी.

कडब्याबद्दल तर चर्चासुद्धा करू नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालं, आणि या भागातला शेतकरी अजूनही दाण्याइतकाच कडब्यासाठी ज्वारी पेरतो. ज्या जिल्ह्यानं २०१३ आणि २०१९ साली चारा छावण्यांत दावणीला बांधलेली जनावरं बघितली, तिथं बायोमासच्या, म्हणजे जळणाजोग्या काडीकचऱ्याच्या, कुठल्याही अहवालात ज्वारीचा कडबा ‘उपलब्ध अवशेष’ या रकान्यात मांडला गेला तर तो अहवाल तिथंच परत पाठवावा. सोयाबीन आणि तुरीच्या भुसकटाचंही तेच. पावसाळा चांगला असला की बांधावर पडून राहणारं भुसकट दुष्काळात वैरण होतं.

मग उरतं काय? बरंच उरतं, आणि ते जळण म्हणून पाचटापेक्षा चांगलं आहे. बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काटक्या. करमाळा-बार्शीकडच्या कपाशीच्या पऱ्हाट्या. पंढरपूर-कासेगाव पट्ट्यात द्राक्षाची वर्षातून दोनदा होणारी छाटणी, एप्रिलमधली खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना सुरू होणारी गोडी छाटणी. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातली डाळिंबाची छाटणी, आणि मर किंवा खोडकिडीनं गेलेल्या बागा उपटल्यावर निघणारी झाडं. हे सगळं काष्ठमय जळण आहे. राख कमी, उष्णता चांगली. शिवाय ते वेगवेगळ्या महिन्यांत निघतं: तुराट्या जानेवारी-फेब्रुवारीत, पऱ्हाट्या त्याच्या मागोमाग, द्राक्षाच्या काड्या उन्हाळ्यात आणि पुन्हा दसऱ्याच्या आगेमागे, डाळिंब बहाराप्रमाणे. वर्षभर भट्टी चालवायची तर असं टप्प्याटप्प्यानं येणारं जळण एका हंगामात कोसळणाऱ्या ढिगापेक्षा कितीतरी सोयीचं.

डाळिंबाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं वीज आणि शेती यांचं हित खरोखर एकत्र येतं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळा, असं तज्ज्ञ सांगत आले आहेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. प्रत्यक्षात काय होतं? छाटलेल्या फांद्या बांधावर, ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि पहिल्या वादळी पावसात रोग परत बागेत येतो. या फांद्या वेळेवर उचलून नेणारी गाडी गावात आली तर त्याचा फायदा विजेच्या आधी बागेला होईल. मात्र हीच गाडी उघडी, गळकी, निरोगी बागांमधून फिरत गेली तर रोग वाटत फिरेल. म्हणून डाळिंबाच्या फांद्यांचे तुकडे बागेतच यंत्रानं करावेत, ताडपत्रीखाली न्यावेत आणि यंत्र पुढच्या बागेत शिरण्याआधी निर्जंतुक करावं. अशा गोष्टी निविदेत लिहिलेल्या नसतात, आणि प्रकल्पाबद्दल गावाचं मत यांवरूनच बनतं.

तुराट्यांना मालक नाही असंही समजू नये. त्या घरातल्या बाईच्या मालकीच्या असतात. गॅसची शेगडी आली तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. आंघोळीचं पाणी, भाकरी, जनावरांचं आंबवण चुलीवरच होतं. घरामागे रचलेली तुराट्यांची गंजी म्हणजे तिचं पावसाळ्याचं जळण. प्रकल्पाच्या दलालानं घरातल्या पुरुषाशी सौदा करून ती गंजी उचलली, तर जूनमध्ये ओलं सरपण फुंकत कोण बसणार ते सांगायला नको. घराला लागेल तेवढं वगळून उरलेलंच विकत घ्यायचं, आणि शक्य तिथं पैसे बाईच्या खात्यावर किंवा बचत गटामार्फत द्यायचे, एवढं तरी झालंच पाहिजे.

आता आकाराचा प्रश्न. १० मेगावॅट हा आकडा बोलताना लहान वाटतो. एका युनिटला साधारण सव्वा किलो जळण धरलं, तर असा प्रकल्प पूर्ण भारानं चालताना रोज ३०० टन जळण खातो आणि वर्षाला नव्वद हजार टनांच्या पुढे जातो. सुटं पाचट ट्रॉलीत डोक्यावरून भरलं तरी वजन दोन टनांपलीकडे फारसं जात नाही. म्हणजे गठ्ठे न बांधता आणायचं ठरवलं तर रोज दीडशे ट्रॉल्या, त्याही ऊसवाहतुकीनं आधीच जाम झालेल्या रस्त्यांवर. बेलरनं गाठी बांधल्या तर वजन वाढतं, पण बेलरचं भाडं, डिझेल, माणसं हे सगळं टनाच्या दरात येऊन बसतं. ४०-५० किलोमीटरच्या पलीकडून जळण आणणं परवडत नाही, हे या धंद्यातलं सर्वमान्य गणित आहे. पावसाळ्याचे चार महिने साठा कोरडा ठेवायचा, ओलीमुळे आतून तापून गंजी पेटू द्यायची नाही, हे आणखी वेगळं.

हे गणित चुकलं की प्रकल्प दोनच गोष्टी करू शकतो. बंद पडतो, किंवा मिळेल ते जाळतो. बायोमास प्रकल्पांना १५ टक्क्यांपर्यंत कोळसा वापरण्याची मुभा केंद्राच्या धोरणात देण्यात आली होती. त्याहून धोकादायक म्हणजे लाकूड. जळण कमी पडलं की बांधावरच्या बाभळी, कडुनिंब कुऱ्हाडीखाली येतात. आधीच उघड्या असलेल्या आपल्या माळरानावर ते परवडणारं नाही. वेडी बाभूळ काढायला माझा विरोध नाही, उलट नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ रानांवर तिचं आक्रमण हटवणं गरजेचंच आहे. पण ते वनखात्याच्या देखरेखीखाली, ठरवून झालं पाहिजे. ठेकेदाराच्या ट्रकमध्ये वेडी बाभूळ आणि गावठी बाभूळ शेजारी-शेजारी भरलेली असते, आणि तिथं फरक करायला कुणी उभं नसतं.

म्हणून माझा आग्रह असा, की नवा मोठा प्रकल्प मागण्याआधी जिल्ह्यात उभे असलेले बॉयलर बघा. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतं, आणि त्यावर कारखाना चालवून उरलेली वीज ग्रीडला देणं अनेक कारखान्यांना जमलं आहे. बायोमासची वीज आपल्याकडे यशस्वी झाली ती इथंच, कारण जळण स्वतः चालत गव्हाणीपर्यंत येतं. वाहतुकीचा खर्च उसानं आधीच उचललेला असतो. पण हंगाम नोव्हेंबर ते मार्च. बाकीचे महिने चिमणी थंड, टर्बाइन बंद, आणि कोट्यवधींच्या कर्जाचं व्याज मात्र चालू. मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जळण सगळ्यात कोरडं असतं आणि विजेची मागणीही चढलेली असते. या काळात कारखान्यांची सहवीज यंत्रणा तुराट्या, पऱ्हाट्या, बागांच्या काड्या आणि मर्यादेतलं पाचट यांवर चालवणं हा पहिला टप्पा असावा.

यात अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. पाचटात पालाश आणि क्लोरीनचं प्रमाण बगॅसपेक्षा जास्त असतं, कारण बगॅस गाळपात धुऊन निघालेलं असतं. बॉयलरमध्ये नुसतं पाचट लोटलं तर राख वितळून शेगडीवर काचेसारखे चिवट गोळे धरतात, नळ्यांवर थर बसतो, आणि बंद करून घणानं फोडत बसावं लागतं. म्हणून मिश्रण हवं, काष्ठमय जळण जास्त आणि पाचट कमी.

दुसरी अडचण पाण्याची आहे, आणि माझ्या मते ती या सगळ्या प्रस्तावातली सगळ्यात अवघड गाठ आहे. हंगामात कारखान्याला उसातलंच पाणी मिळतं. उसाचा जवळजवळ ७० टक्के भाग पाणी असतो. उन्हाळ्यात ते नसतं. वाफ थंड करायला लागणारं पाणी मग उजनी धरणाच्या कालव्यातून किंवा नदीतून मागितलं जाईल, आणि नेमक्या त्याच महिन्यांत उजनी उणे टक्क्यांत, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेलेली असते. सोलापूर शहराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना वीज प्रकल्पाला कोटा द्या म्हणण्याचं धाडस कुणी करू नये. पाण्याऐवजी हवेवर थंड होणारे कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारी यंत्रं) महाग पडतात, त्यांनी थोडी वीजही कमी मिळते. तो खर्च सरकारनं अनुदानात धरावा. चिमणीला अनुदान देण्यापेक्षा पाणी वाचवणाऱ्या कंडेन्सरला देणं जास्त शहाणपणाचं आहे.

आहेरवाडी-फताटेवाडीचा, एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. कोळशाबरोबर काही टक्के बायोमास पेलेट (भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या) जाळण्याचं धोरण केंद्रानं २०२१ मध्ये आणलं. २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं प्रमाण ठरलं होतं. असा प्रकल्प पूर्ण भारानं चालला तर दिवसाला अठरा-वीस हजार टन कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज हजार टनांच्या आसपास पेलेट. एवढं हक्काचं गिऱ्हाईक शेजारी असेल तर पेलेट करणाऱ्या लहान युनिटांना कर्ज मिळणं सोपं जाईल, हे खरं. पण मला एक गोष्ट खटकते. पेलेटची राख कोळशाच्या राखेत मिसळून सिमेंटला, विटांना आणि राखेच्या तळ्याकडे जाते. त्या राखेतला पालाश आपल्या रानातून आलेला असतो, आणि आपला देश पालाशयुक्त खतासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. स्वतंत्र बायोमास बॉयलरची राख मात्र तपासून परत शेतात घालता येते. म्हणून कोळशात मिसळण्याला दुसरं स्थान असावं, पहिलं नाही.

आणखी एक प्रश्न फार कमी विचारला जातो: हे जळण वापरून वीजच का करायची? लहान बायोमास वीज प्रकल्पात जळणातली साधारण चौथा हिस्सा ऊर्जाच विजेत उतरते, बरेचदा त्याहूनही कमी. तेच जळण चांगल्या बॉयलरमध्ये नुसत्या वाफेसाठी वापरलं तर ७० टक्क्यांच्या वर उपयोग होतो. सोलापुरात चादरी आणि टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या, धुणाऱ्या कारखान्यांना वाफ लागते, रोज लागते. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत गिऱ्हाईक तयार आहे. शेजारच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच पाचट आणि बगॅसवर चालणारा गॅसिफायर (जळणाचा जळाऊ वायू करणारी भट्टी) उष्णतेच्या वापरासाठी तयार केला होता, आणि तालुका हा ऊर्जेचा घटक मानून शेतीच्या अवशेषांवर त्याची गरज भागवण्याचा विचारही मांडला होता. तो विचार इथून शंभर-दीडशे किलोमीटरवर झाला आणि आपण त्याची पुरेशी दखल घेतली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सौरऊर्जेशी तुलना होणारच. सौर वीज आज अडीच-तीन रुपये युनिटला मिळते. बायोमासचं जळण टनाला अडीच हजार रुपयांना पडलं तर एका युनिटमागे नुसत्या जळणाचेच तीन रुपयांच्या वर जातात. दुपारच्या विजेत बायोमास सौरशी स्पर्धा करूच शकत नाही, आणि करूही नये. त्याची किंमत आहे ती सूर्य मावळल्यानंतर, सहा ते अकराच्या वेळेत. वीज नियामक आयोगानं बायोमासच्या संध्याकाळच्या युनिटला वेगळा, वाढीव दर द्यावा आणि दिवसा भट्टी मंद ठेवायची मुभा द्यावी. दिवसभर एकच दर ठेवला तर हे प्रकल्प कागदावर महाग दिसत राहतील.

राहिला पैशाचा आणि विश्वासाचा मुद्दा. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. बिलं थकल्यावर काय होतं ते या जिल्ह्यातल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक आहे, काटामारीच्या तक्रारी तर दर हंगामात होतात. उसासाठी जो शेतकरी वाट बघतो, तो पाचटासाठी बघणार नाही. कमी किमतीच्या मालाला उधारी चालत नाही. म्हणून गाव किंवा चार गावांमिळून एक खरेदी केंद्र असावं, ते शेतकरी उत्पादक कंपनीनं नाहीतर बचत गटांच्या संघानं चालवावं, काटा त्यांचा असावा, ओलावा मोजायचं यंत्र सगळ्यांसमोर लावावं आणि वजनाची पावती फाडताना पैसे खात्यावर जमा व्हावेत. दर टनावर आणि कोरडेपणावर असावा, आणि डिझेलच्या भावाबरोबर दरवर्षी बदलावा. प्रकल्पाशी करार या केंद्रानं करावा, एकेकट्या शेतकऱ्यानं नाही. त्याच करारात कडबा आणि झाडाचं खोड न घेण्याची अट असावी, कोळसा शून्य असावा, आणि राख त्याच गाड्यांतून परतीच्या फेरीत गावाला पोचवायची जबाबदारी प्रकल्पाची असावी.

याची चाचणी एका तालुक्यात घेता येईल. मला माढा किंवा पंढरपूर योग्य वाटतात, कारण तिथं ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि कारखाने हे सगळं एकमेकांच्या आवाक्यात आहे. पहिल्या वर्षी वीज करायचीसुद्धा गरज नाही. फक्त केंद्रं उभी करा, माल गोळा करा, कोरडा साठवा आणि रंगाई कारखान्यांना वाफेसाठी विका. एका वर्षात नेमका किती माल, कोणत्या महिन्यात, किती ओलाव्याचा आणि कोणत्या भावाला येतो ते कळेल. तो हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि मगच कुठल्या कारखान्याचा बॉयलर उन्हाळ्यात पेटवायचा ते ठरवा.